नववीतला मुलगा म्हणतो, 'कुणाला सांगणार नसाल तरच सांगतो'. सोमवारी काय बोलू?

नववीची_वर्गशिक्षिका (शनिवार दुपार)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात एका अनुदानित शाळेत मराठी शिकवते. नववीची एक तुकडी माझ्याकडे आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत, बाकी जसंच्या तसं.

आज सकाळची शाळा होती. सुटल्यावर हजेरीची बेरीज करत बसले होते, तर हा दारात उभा. आत ये म्हटलं तरी येईना. मग म्हणाला, "बाई, एक सांगायचंय. पण तुम्ही कुणाला सांगणार नसाल तरच." तेवढ्यात शिपाई मामा किल्ल्या वाजवत आले, वर्ग बंद करायचे म्हणून. हा "सोमवारी सांगतो" म्हणाला आणि जिना उतरून गेलासुद्धा.

दिवाळीपर्यंत फळ्यावरचा सुविचार हाच लिहायचा. अक्षर असं की बाकीची पोरं पुसायला बिचकायची. आता दुसऱ्या तासाला डोकं बाकावर. खिचडीच्या सुट्टीत मैदानावर जात नाही. मार्च लागलाय, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, आणि हा पूर्ण बाह्यांचा स्वेटर काढत नाही. घटक चाचणीत गणिताचा पेपर जवळजवळ कोरा होता. तरी स्टाफरूममध्ये त्याचं नाव कधी निघालेलं नाही. दंगा करणाऱ्यावर अख्ख्या शाळेचा डोळा असतो. जो गप्प बसतो त्याला आम्ही 'शांत आहे, चांगला आहे' असं म्हणून मोकळे होतो.

घरचं थोडं माहीत आहे. वडील यंत्रमागावर, बहुतेक रात्रपाळी. आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू बोलतात. माझं तेलुगू भाजी घेण्यापुरतं.

शाळेत समुपदेशक नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमायच्या सखी सावित्री समितीचा फलक आहे, त्यावर नावंही रंगवलेली आहेत, पण बैठक झालेली मला आठवत नाही. मी ऑनलाइन प्रशिक्षण केलंय, प्रमाणपत्र फाइलला लावलंय. 'मुलांशी विश्वासाने संवाद साधा' असं त्यात होतं. मुलगा दारात उभा राहून अट घालतो तेव्हा तो साधायचा कसा, ते नव्हतं.

तर प्रश्न एवढाच: 'सांगणार नाही' असं म्हणू, आणि काही गंभीर निघालं तर? की 'सांगावं लागेल' म्हणू, आणि तो कायमचा गप्प होईल? कृपया 'देवावर सोडा' छापाची उत्तरं नकोत.

---

बार्शी_रोड (शनिवार दुपार)

आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, तेही लेखी. नंतर काही झालं तर पहिलं बोट वर्गशिक्षकाकडेच जातं. मी जिल्हा परिषद शाळेत आहे. पोषण आहाराचा हिशेब आम्ही ठेवायचा, यू-डायसवर शाळेची माहिती आम्ही भरायची, मतदार यादीसाठी दारोदार आम्ही फिरायचं. आता पोरांचं मनही आम्हीच दुरुस्त करायचं का? आपल्याला ते येत नाही मॅडम. ज्याचं काम त्याने करावं.

---

नववीची_वर्गशिक्षिका (शनिवार दुपार)

मान्य आहे. पण ज्याचं काम आहे तो माझ्या शाळेत नाही, आणि मुलगा माझ्या दारात आला. मुख्याध्यापकांना काय लिहू? 'एक विद्यार्थी काहीतरी सांगणार आहे'?

---

सात_रस्ता_ते_पुणे (शनिवार संध्याकाळ)

मूळची सोलापूरची. मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते, शाळांमध्येही जाते. जरा सविस्तर लिहिते.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'सांगावंच लागेल' असंही तोंडावर आपटू नका. मी साधारण असं बोलते: "तू सांगशील ते मी स्टाफरूममध्ये बोलणार नाही. वर्गात कुणाला कळणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला एकदोन माणसांची मदत घ्यावी लागेल. कुणाची घेणार ते आधी तुला सांगेन. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही." अनेक मुलांची भीती त्या 'पाठीमागे'ची असते. हे ऐकून काही मुलं त्या दिवशी बोलत नाहीत. चालेल. उद्या मी कुठे असेन ते सांगून ठेवा. जो एकदा दारापर्यंत आला तो बहुधा पुन्हा येतो.

जागा अशी बघा की लोकांना दिसाल, पण ऐकू जाणार नाही. ग्रंथालयाचा कोपरा, व्हरांड्याचं टोक. स्टाफरूम नको, बंद खोलीही नको. तो गप्प बसला तर तुम्हीही बसा. शिक्षकांना शांतता भरून काढायची फार सवय असते. 'तुला काय कमी आहे', 'आईबापाकडे बघ, किती कष्ट करतात' ही वाक्यं त्या दिवशी घरी ठेवून या. आईबापाचे कष्ट त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतात, कित्येकदा दुखणं तिथेच असतं. स्वेटरची बाही वर करायला लावू नका. "उकडत असताना स्वेटर घालतोस, मला काळजी वाटली" एवढं म्हणा.

आणि एक गोष्ट घाबरून टाळू नका. "कधी जगू नये, मरून जावं असं वाटतं का?" हे सरळ, याच शब्दांत विचारा. विचारल्याने पोराच्या डोक्यात नसलेलं शिरतं, हा समज चुकीचा आहे. उलट, कुणीतरी विचारलं याने पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर काही ठरवलंय का, कधी, तेही विचारा. मग त्या दिवशी त्याला एकटा सोडायचा नाही, एकटा घरी पाठवायचा नाही. घरच्या मोठ्या माणसाच्या हाती द्यायचा आणि डॉक्टरपर्यंत न्यायचा.

१४४१६ हा टेली-मानसचा नंबर वहीत लिहून ठेवा. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मुलानेच फोन केला पाहिजे असं नाही. 'माझ्यासमोर असा मुलगा आहे, काय करू' हे विचारायला शिक्षकही करू शकतो. उद्या रविवार आहे, हवं तर उद्याच करून बघा.

तो जे सांगेल ते लैंगिक अत्याचाराचं निघालं तर वाट वेगळी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. 'आधी शाळेपुरती चौकशी करू, खात्री करू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. खात्री करणं शाळेचं काम नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे आणि खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, तिथेही मदत मिळते.

डॉक्टरकडे नेताना एक लक्षात ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अठराच्या आतल्या मुलाच्या वतीने पालकच निर्णय घेतात. तुम्ही सोबत जाऊ शकता, पालकांशिवाय उपचार सुरू करून घेऊ शकत नाही. म्हणजे आईला किंवा वडिलांना कधीतरी विश्वासात घ्यावंच लागणार.

बार्शी रोडवाल्या सरांचं अर्धं बरोबर आहे. उपचार करणं तुमचं काम नाहीच. पण राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. साठच्या वर्गात चार धरा. त्या चौघांना रोज बघणारं, घराबाहेरचं मोठं माणूस वर्गशिक्षकच असतं. बघणं आणि योग्य दारापर्यंत पोचवणं, एवढंच तुमच्याकडे.

---

दत्त_नगरचा (शनिवार रात्र)

मी मास्तर नाही, डॉक्टर नाही. त्याच भागात वाढलो, घरात माग, आई विड्या. म्हणून लिहितो.

वडलांना शाळेत बोलवू नका, हात जोडून सांगतो. आमच्याकडे शाळेची चिठ्ठी आली की आधी पट्टा निघायचा, चिठ्ठी मग वाचायची. रात्रपाळी करून आलेला माणूस अकराला झोपेतनं उठून शाळेत येतोय म्हणजे तो कसला मूड घेऊन येणार, तुम्हीच बघा की.

आईला भेटा. विड्या कारखान्यात देऊन आली की संध्याकाळी थोडी मोकळी असते. दारात उभं राहून बोलू नका, आमच्या गल्लीत भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. आत बसा, चहा देतील, प्या. चहा नको म्हणालात की पुढचं काही ऐकत नाहीत.

तेलुगू बोलणारं माणूस सोबत न्या, पण गल्लीतलं नको. आणि पोराला दुभाषी करू नका. मी माझ्या बहिणीच्या वेळी ते केलंय. बाई बोलायच्या ते मी आईला अर्धंच सांगायचो, घाबरून. आईनं विचारलेलं बाईंना भलतंच सांगायचो.

घरी आजाराचं नाव नेऊ नका. झोप लागत नाही, जेवत नाही, डॉक्टरला दाखवूया, एवढं लई झालं पहिल्या दिवशी.

---

निवृत्त_मुख्याध्यापक_जुळे_सोलापूर (रविवार सकाळ)

वरचं सगळं वाचलं. मुलाबद्दल त्या ताईंनी लिहिलंय, त्यात मी भर घालणार नाही. मला शाळेबद्दल बोलायचं आहे.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा निर्देश दिले. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. निर्देश कोचिंग क्लासपुरते नाहीत, शाळांनाही आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, त्याहून लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संधान बांधायचं. सगळ्या कर्मचाऱ्यांचं वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. टेली-मानसचा नंबर वर्गात मोठ्या अक्षरात. कामगिरीवरून मुलांच्या तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही. त्याच निकालात २०२२ चा आकडा आहे: देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या. हा कागद छापून संस्थेच्या सचिवांपुढे ठेवा. समुपदेशकाचा पगार कोण देणार, हा प्रश्न येईल. येऊ द्या. पण शेवटच्या दोन गोष्टींना दमडीही लागत नाही.

पेपर वाटताना गुण मोठ्याने वाचायची पद्धत माझ्या शाळेत मी बंद केली, तेव्हा काही सहकारी महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. 'मग पोरांना धाक कसला?' म्हणे. कमी गुणांची उत्तरपत्रिका घडी घालून हातात द्यायला सेकंदही जास्त लागत नाही. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन म्हणून पाहुणे बोलवायचे, हार घालायचा, आणि अकरा तारखेला 'पंचवीसपैकी तीन, उभा राहा' हे मी उभ्या नोकरीत पाहिलं. पाहुण्यांचा खर्च वाचवला तरी चालेल.

मॅडम, गणिताचा तो कोरा पेपर वर्गात कसा परत दिला गेला, तेवढं तपासा.

---

नववीची_वर्गशिक्षिका (रविवार रात्र)

तपासायची गरज नाही, मला माहीत आहे. गुण वाचून दाखवले गेले होते. कुणी, ते इथे नको.

आज १४४१६ ला फोन केला. पलीकडच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी 'तुम्ही कशा आहात' असंही विचारलं, त्याची मला अपेक्षा नव्हती.

---

नववीची_वर्गशिक्षिका (काही आठवड्यांनी)

बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं, म्हणून लिहिते.

सोमवारी तो आला, खिचडीच्या सुट्टीत. ग्रंथालयात बसलो. ताईंचं वाक्य मी जवळजवळ पाठ केलं होतं, तसंच म्हटलं. तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग पहिलं काय विचारलं असेल? "एकदोन माणसं म्हणजे कोण?" मुख्याध्यापक सर आणि गरज पडली तर आई, असं सांगितलं. "पप्पा?" म्हणाला. म्हटलं, तसं करायचं ठरलं तर आधी तुला कळेल. मग बोलला.

काय बोलला ते लिहिणार नाही. एवढंच सांगते की कलम १९ ची वेळ आली नाही. तो सरळ प्रश्न मी विचारला. विचारताना घसा कोरडा पडला होता, आणि उत्तर आल्यावर त्याला एकट्याने घरी सोडणं शक्य नव्हतं. पुढचे तास तो ग्रंथपालांच्या शेजारी पुस्तकांना नंबर टाकत बसला. सरांना केबिनमध्ये सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "आता तो कुणाजवळ आहे?" मला सरांचं कौतुक वाटलं. एरवी आमचं फारसं जमत नाही.

संध्याकाळी विज्ञानाच्या बाईंना घेऊन त्याला घरी सोडायला गेलो. त्या तेलुगू घरातल्या, पण राहायला विजापूर रोडला, म्हणजे गल्लीतल्या नव्हेत. आई मांडीवर सूप घेऊन बसलेली. आम्हाला बघून उठायला लागली तर बाईच तिच्याशेजारी खाली बसल्या. चहा प्यायलो, दत्त नगरकर. झोपेचं, जेवणाचं बोलणं निघालं आणि आईच सांगायला लागली. तिने दृष्ट काढून झाली होती, एका ठिकाणी दाखवून गंडाही बांधून आणला होता. विज्ञानाच्या बाई, ज्या एरवी असल्या गोष्टींवर वर्गात तासभर बोलतात, एक शब्द बोलल्या नाहीत. गंडा राहू दे, उद्या सिव्हिललाही जाऊ, एवढंच म्हणाल्या. त्या रात्री आई त्याच्याजवळ झोपली. काय काय नजरेआड ठेवायचं, तेही बाईंनी तिला तेलुगूत नीट समजावलं.

दुसऱ्या दिवशी सिव्हिल. केसपेपर, मग मानसोपचाराची ओपीडी. गर्दी होती. आईचा एक दिवसाचा विड्यांचा रोज बुडाला, याचा हिशेब ती रांगेत बोटांवर करत होती. मुलांच्या मानसिक आरोग्यावरच्या व्याख्यानांत हा रोज कुणी धरत नाही. डॉक्टर आधी त्याच्याशी एकट्याशी बोलले, मग आईशी. मला बाहेर बसवलं, आणि ते योग्यच होतं. उपचाराचं इथे काही लिहीत नाही. पुढच्या तारखा मिळाल्या आहेत, आई नेते. वडिलांना आता माहीत आहे. मुलाने 'आईनेच सांगू दे' म्हटलं होतं, तसंच झालं. पट्टा निघाला नाही. ते फार बोललेही नाहीत. एका तारखेला रात्रपाळीवरून परस्पर सिव्हिलला आले आणि बाकावर बसल्या बसल्या झोपले, असं आई म्हणाली.

वर्गात मुलांनी विचारलं, "बाई, त्याला काय झालंय?" बरं नव्हतं, म्हटलं. एकाने "काय बे, शाळा बुडवायची आयडिया का?" केलं, हा हसला. हसू खरं होतं की सवयीचं, मला कळलं नाही.

शाळेत दोन गोष्टी झाल्या. उत्तरपत्रिका घडी घालून द्यायच्या असं सरांनी सूचना वहीत काढलं. सह्या सगळ्यांनी केल्या, दोघांनी तोंड वाकडं करून. आणि १४४१६ चा कागद पाण्याच्या टाकीजवळ लावला. आधी स्टाफरूमबाहेर लावणार होते. मी म्हटलं, स्टाफरूमच्या दारात उभं राहून हा नंबर कोण वाचेल? टाकीजवळ बाटली भरताना वाचता येतो. समुपदेशकाचा अर्ज संस्थेकडे गेलाय, निकालाची प्रत जोडून. पोच मिळाली आहे, उत्तर नाही.

आता नवा प्रश्न. जूनमध्ये ही मुलं दहावीत जातील, वर्गशिक्षक बदलतील. नव्या सरांना किती सांगू? काहीच नाही सांगितलं तर ते त्याला बोर्डाच्या नावाने रगडतील. सगळं सांगितलं तर स्टाफरूममध्ये चहाबरोबर निघेल.

---

सात_रस्ता_ते_पुणे (त्याच रात्री)

काय झालं ते सांगू नका, काय करायचं तेवढं सांगा. 'हा मुलगा तासाला बाहेर जाऊ का म्हणाला तर जाऊ द्या, कारण विचारू नका. महिन्यातल्या अमुक दिवशी गैरहजर असेल. गुण सगळ्यांसमोर बोलू नका. खाण्या-झोपण्यात फरक दिसला तर मला किंवा सरांना सांगा.' एवढ्यावर चांगला शिक्षक काम करू शकतो. आणि हे त्यांना सांगण्याआधी मुलाला आणि आईला विचारा. तो 'नको' म्हणाला तर कशाला नको ते ऐका, वाक्यं त्यालाच निवडू द्या. दहावीच्या परीक्षेच्या काळात पुणे विभागीय मंडळ समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, सोलापूर त्याच विभागात येतं, तेही पुढच्या वर्षी लक्षात असू द्या.

---

बार्शी_रोड (दुसऱ्या दिवशी)

ताई, एक विचारायचं होतं. तुमचं ते 'पाठीमागे काही करणार नाही' वालं बोलणं पाचवीच्या मुलीला कळेल का? की आणखी सोपं करायचं?

---

सात_रस्ता_ते_पुणे (दुसऱ्या दिवशी)

सोपं करा. "मला कुणाला सांगायचं असेल तर आधी तुला सांगीन." बास. तपशील इथे लिहू नका सर, मला निरोप पाठवा.

---

नववीची_वर्गशिक्षिका (दुसऱ्या दिवशी)

ठीक. त्याची वार्षिक परीक्षा चालू आहे. गुरुवारी भूमितीचा पेपर झाला की विचारते.